मंथरा, आनंदीबाई आणि ललिताबाई

आपल्या स्मरणिकेत दर वेळी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र येते. जिजामाता झाल्या, अहिल्यादेवी झाल्या, नगरला मिस फरार यांच्या संस्थेत शिकून गेलेल्या सावित्रीबाई झाल्या. यंदा इतिहासाचा लेख मी लिहावा असे ठरले, तेव्हा मी एका नटीचे नाव सुचवले. बैठकीत दोघी-तिघी हसल्या. एकीने तर विचारले, "ललिता पवार? म्हणजे ती खाष्ट सासू?" त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहायचे मी पक्के केले.

भगिनींनो, आपल्यापैकी ज्यांची लग्ने पन्नास-साठ वर्षांपूर्वी झाली त्यांना आठवत असेल, की सासरी जाणाऱ्या मुलीला मैत्रिणी हळूच विचारीत, "सासू कशी आहे ग? ललिता पवार तर नाही ना?" एका जिवंत बाईचे नाव असे शिवीसारखे वापरले जात होते आणि आपणही ते वापरीत होतो. त्या नावामागची बाई कोण, कुठली, तिचा एक डोळा असा बारीक का, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

त्या तशा आपल्या शेजारच्याच. नगर-मनमाड रस्त्याने कोपरगाव मागे टाकले, की पुढचे मोठे गाव येवले. जिल्हा नाशिक, पण बाजारहाट, सोयरीक आणि बोलणेचालणे पाहिले तर कोपरगावकरांना येवले परके नाही. पैठणी आणि पितांबर विणणारे हे गाव. तात्या टोपे यांचे जन्मगाव तेच आणि १९३५ साली डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही तेथेच. या येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी लक्ष्मणराव शगुण यांच्या घरी मुलगी झाली. घरचा व्यापार रेशमाचा आणि कापडाचा. मुलीचे नाव अंबिका ठेवले. पुढे पडद्यावर ती ललिता झाली.

एप्रिल महिना आमच्या भागाला या बाबतीत फळलेला दिसतो. दोनच वर्षांनी, १९१८ च्या एप्रिलात, नगर शहरात नऊ दिवसांच्या अंतराने दोन मुलगे जन्मले. त्यांतला १६ तारखेचा स्पाइक मिलिगन हा एका गोऱ्या लष्करी माणसाचा मुलगा. तो पुढे विलायतेत रेडिओवर आणि टेलिव्हिजनवर लोकांना हसवून हसवून नामांकित झाला. दुसरा २५ तारखेचा, आपला शाहू मोडक. ख्रिस्ती घरातला हा मुलगा पडद्यावर कृष्ण झाला आणि ज्ञानेश्वरही झाला, आणि आपल्या आज्यांनी त्याला मनोभावे हात जोडले. असो. विषय ललिताबाईंचा आहे.

त्या काळी मुलीने सिनेमात जाणे म्हणजे काय होते, हे आज सांगूनही पटणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचे काम करायला एकही स्त्री तयार झाली नाही. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडे नेसून ते केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. मोकळी झाली म्हणजे काय, तर चालता येईल इतकीच. चालणारीच्या मागे बोलणे राहिलेच. अशा दिवसांत येवल्याची ही मुलगी पुण्याला नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनीच्या मूकपटांत कामे करू लागली. १९२८ सालच्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये ती होती. वय अजून परकर-पोलक्याचे.

ललिताबाई लहानपणी आल्या तरी बाहुलीसारख्या राहिल्या नाहीत. मूकपट संपता संपता, १९३२ मध्ये, 'कैलास' नावाच्या चित्रपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. म्हणजे सोळाव्या वर्षी ही मुलगी पैशाच्या व्यवहारातही उतरली होती. पुढे बोलपट आल्यावर त्यांनी 'दुनिया क्या है' काढला. त्याची कथा टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवरून घेतलेली. एका श्रीमंत माणसाने फसवून सोडलेल्या मोलकरणीची ती गोष्ट. निर्माती स्त्री असली म्हणजे विषय कसा निवडते, याचे मला हे एक चांगले उदाहरण वाटते.

पण त्यांचे नाव त्या वेळी होते ते निराळ्याच कारणाने. गणपतराव पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता आणि ते मारामारीचे, धाडसाचे चित्रपट दिग्दर्शित करीत. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दां' सारख्या चित्रपटांत ललिताबाई नायिका होत्या. रूपवान, धीट आणि गाणाऱ्या. होय, गाणाऱ्यासुद्धा! पार्श्वगायन रूढ व्हायच्या आधी नटीला स्वतःचे गाणे स्वतःच म्हणावे लागे आणि त्या म्हणत. आपण ज्या ललिता पवारांना ओळखतो त्यांची ही छायाचित्रे पाहिली तर ही तीच बाई यावर विश्वास बसत नाही.

मराठीतही त्यांचे चांगले चालले होते. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' मध्ये त्या होत्या. १९४१ साली मास्टर विनायकांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवर 'अमृत' काढला, त्यातही त्यांचे काम होते. पंचविशी ओलांडलेली, नायिका म्हणून पुढची दहा वर्षे तरी हाताशी असलेली अशी ही नटी.

आणि १९४२ साल आले. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. प्रसंग असा, की भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारायची. सिनेमातली थप्पड ही नुसती हात फिरवण्याची कला असते. त्या दिवशी हात खरोखरच पडला आणि फार जोरात पडला. चेहऱ्याची एक बाजू लुळी झाली, डाव्या डोळ्याची शीर दुखावली. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा पुष्कळसा सुधारला, डोळा मात्र कायमचा बारीक राहिला.

या प्रसंगाची हकीकत छापताना बहुतेक ठिकाणी लिहितात, की भगवान हे नवखे नट होते, घाबरले आणि हात जोरात बसला. मला हे तितकेसे पटत नाही. भगवान १९३८ पासून, 'बहादुर किसान' पासून, चित्रपट दिग्दर्शित करीत होते. म्हणजे कॅमेरा त्यांना नवा नव्हता. मुद्दाम मारले असे कोणीही म्हटलेले नाही, मीही म्हणत नाही. अपघातच तो. पण अपघाताची गोष्ट सांगताना मारणाऱ्याच्या भीतीबद्दल दोन वाक्ये असतात आणि जिला लागले तिच्याबद्दल "त्यामुळे त्यांना खलनायिकेच्या भूमिका मिळाल्या" एवढेच. जणू मिळवून दिल्या! गिरणीत कामगाराचा हात गेला तर भरपाई द्यावी, असा कायदा १९२३ पासून या देशात होता. सिनेमात काम करणाऱ्यांसाठी निराळे कायदे व्हायला १९८१ साल उजाडावे लागले. १९४२ मध्ये नटीचा डोळा गेला तर ते तिचे नशीब. आमच्या मंडळातल्या विडी वळणाऱ्या आणि शेतमजुरी करणाऱ्या भगिनींना हे नशीब चांगले परिचयाचे आहे.

भगवान पुढे १९५१ च्या 'अलबेला' ने घरोघरी पोचले आणि २००२ साली वारले. त्यांचे यश खोटे नव्हते. मी ही दोन आयुष्ये शेजारी शेजारी ठेवते आहे, एवढेच.

नायिकेची दारे बंद झाली. संसारही मोडला. पुढे चित्रपट-व्यवसायातल्याच राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी विवाह केला. त्या खाजगी गोष्टींवर पुष्कळ छापून आले आहे, मला त्यात शिरायचे नाही. मला कौतुक आहे ते याचे, की तिशीच्या आत चेहरा गमावलेली ही बाई घरी बसली नाही. तिने आपल्या वयापेक्षा वीस-वीस वर्षांनी मोठ्या बायकांच्या भूमिका घ्यायला सुरुवात केली.

आता आपल्या जिल्ह्याचा इतिहास येथे आडवा येतो. १९४४ साली प्रभात कंपनीने पुण्यात 'रामशास्त्री' काढला. गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिताबाई आनंदीबाई. ही आनंदीबाई आपल्या कोपरगावची. माहेर कोकणातले, पण राघोबादादांची अखेरची वर्षे कोपरगावी गेली. सालबाईचा तह १७८२ मध्ये झाला, दादा कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात तेथेच वारले. गोदाकाठचा त्यांचा वाडा पाहायला आजही लोक जातात. दादा गेले तेव्हा आनंदीबाई गरोदर होत्या. धाकटे चिमाजी त्यानंतर जन्मले. थोरल्या बाजीरावाचे, म्हणजे पुढच्या दुसऱ्या बाजीरावाचे, वय तेव्हा आठ-नऊ. पुढचे दिवस पहाऱ्यातले. १७९४ साली नाशिकजवळ आनंदवल्लीस त्या वारल्या.

त्यांच्याविषयी शाळेतल्या पोरापासून सर्वांना एकच गोष्ट माहीत असते, ती म्हणजे 'ध' चा 'मा'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, असे आपण ऐकत आलो. त्याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. खुनाचा न्याय करताना रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण लोकांच्या तोंडी 'ध' चा 'मा' जितका बसला तितके ते बसले नाही. गारदी सुमेरसिंगाची तलवार, दादांची महत्त्वाकांक्षा, दरबारातली कारस्थाने, हे सगळे मागे पडले आणि एका बाईचे एक अक्षर तेवढे उरले.

ही आनंदीबाई उभी करायला प्रभातने ललिताबाईंना बोलावले. गालावर ती थप्पड बसून फार दिवस झाले नव्हते. त्यांनी हे काम नुसते डोळे वटारून केलेले नाही. मानी, हुशार, नवऱ्याच्या दुबळेपणाने चिडलेली अशी ती बाई आहे. मी हा चित्रपट पुष्कळ उशिरा पाहिला, आणि कोपरगावचा वाडा पाहून आल्यावर पाहिला, म्हणून असेल, पण मला तिची चीड यायच्या ऐवजी आधी तिच्या एकटेपणाचीच जाणीव झाली.

यानंतरची यादी मोठी आहे आणि ती सर्व देण्यात अर्थ नाही. ललिताबाई म्हणजे निव्वळ दुष्ट सासू, हे खोटे आहे, एवढे दाखवण्यापुरती चार नावे घेते. १९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये त्या रस्त्यावर केळी विकणारी बाई आहेत. तोंडाने फटकळ आणि पोटात माया. १९५९ च्या 'अनाडी' मधली मिसेस डी'सा तर बहुतेकींना आठवेल. भाडेकरू पोरावर ओरडायचे आणि त्याच्याच पोटाची काळजी करायची. या भूमिकेला फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या 'सुजाता' मध्ये मात्र त्या अस्पृश्यता घट्ट धरून बसलेल्या म्हाताऱ्या आत्याबाई आहेत. एकाच वर्षी दोन घरच्या दोन म्हाताऱ्या, आणि बाईंचे वय त्रेचाळीस! १९६२ च्या 'प्रोफेसर' मध्ये कडक शिस्तीची प्रौढा म्हाताऱ्या मास्तरांवर भाळते, तेथे त्या हसवून मुरकुंडी वळवतात. १९७१ च्या 'आनंद' मध्ये रुग्णालयातील मेट्रन. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. खाष्ट सासवा होत्याच, नाही असे नाही; पण आपण लक्षात तेवढ्याच ठेवल्या.

एका चित्रपटाबद्दल मात्र मंडळाच्या सभासद म्हणून मला तक्रार नोंदवलीच पाहिजे. १९५५ च्या गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये ललिताबाई सीतादेवी नावाच्या श्रीमंत बाई झाल्या आहेत. या बाई स्त्रियांची सभा भरवतात, घटस्फोटाच्या कायद्यासाठी भाषणे करतात आणि पुरुषांचा द्वेष करतात. चित्रपटभर त्यांची टर उडवली आहे. चित्रपट गंमतीचा आहे, गाणी गोड आहेत, मी स्वतः तो दोनदा पाहिला. पण त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला, हे विसरून चालणार नाही. आपल्या मुंबई राज्यात घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच झाला होता. त्याच्या आधी एका वर्षी पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी करणारा कायदा झाला होता. त्यापूर्वी ज्या बायका टाकल्या गेल्या, ज्यांच्या उरावर सवत आली, त्या आपल्याच घरांतल्या होत्या. आमच्या नात्यातल्या एका मावशींनी सवतीची बाळंतपणे काढली. त्या हे सगळ्यांना हसत हसत सांगत. त्यांना सीतादेवींची सभा हास्यास्पद वाटली नसती. आणि ती भूमिका करणाऱ्या बाईंचा स्वतःचा पहिला संसार मोडलेला होता. त्यांनी ती टर काय मनाने रंगवली असेल? काम म्हणून केले असेल. चोख केले, हे तर दिसतेच.

आता मंथरा. २५ जानेवारी १९८७ या दिवशी रामानंद सागर यांचे 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारची सकाळ त्याची झाली. तुम्हांला आठवते ना? नगरच्या रस्त्यांवर त्या तासाला शुकशुकाट असे. आमच्या वाड्यात एकच टी.व्ही. होता. त्याला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई आणि नळाचे पाणी गेले तरी कोणी उठत नसे. त्या मालिकेत आपली माणसे पुष्कळ होती. दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, आणि ते तर खऱ्या आयुष्यातही पतिपत्नी. कैकेयी पद्मा खन्ना. आणि मंथरा ललिताबाई, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

मंथरा कैकेयीच्या महालात शिरली त्या रविवारी आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी पडद्याकडे पाहून बोटे मोडली. "मेलीचा डोळाच सांगतो," त्या म्हणाल्या. सगळे हसले. १९४२ साली कामावर असताना झालेल्या जखमेवर पंचेचाळीस वर्षांनी नगरच्या एका वाड्यात असा निकाल लागला. देशभरात किती वाड्यांत लागला असेल!

खरे पाहता वाल्मीकींची मंथरा ही कैकेयीच्या माहेरची दासी आहे. मुलीबरोबर पाठवलेली, सासरी तिच्याशिवाय दुसरे कोणी नसलेली. राम राजा झाला, कौसल्या राजमाता झाली, तर माझ्या मुलीचे काय होईल, ही तिची भीती. भीतीतून ती जे करते ते अनर्थाचे, यात शंका नाही. पण तो डाव तिचा स्वतःसाठी नाही. तिला त्यातून ना राज्य मिळायचे ना दागिना. पुढे शत्रुघ्न तिला फरफटत नेतो, तेव्हा भरतच त्याला अडवतो. बाईला मारलेले रामाला आवडणार नाही, असे सांगतो. ललिताबाईंची मंथरा पुन्हा पाहिलीत तर कैकेयीजवळ बसताना तिचा हात पाहा. त्या हातात सवय आहे, लहानपणापासून वेणी घालणाऱ्या बाईच्या हाताला असते तशी. शब्द विषाचे आणि हात मायेचा. हे त्यांना कोणी शिकवले असेल असे वाटत नाही. घराघरांतल्या जुन्या, माहेराहून आलेल्या बायका त्यांनी पाहिल्या असतील.

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधच्या घरी वारल्या. त्या वेळी घरात दुसरे कोणी नव्हते. मूकपटापासून टेलिव्हिजनपर्यंत सुमारे सत्तर वर्षे त्यांनी काम केले. इतकी वर्षे सलग काम केलेले पुरुषसुद्धा या व्यवसायात मोजकेच.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले. या वेळी वाडा नव्हता, फ्लॅट होता, आणि शेजारी बसायला फक्त घरची माणसे. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची. मंथरा आली तशी तिने विचारले, "आजी, या आजींचा डोळा असा का आहे?" बोटे मोडायचे तिला सुचले नाही. मी तिला थपडेची हकीकत सांगितली. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मग त्यांना सुट्टी मिळाली का?" मी म्हटले, "नाही ग, दुसरे काम मिळाले." एवढ्यात कैकेयी कोपभवनात गेली आणि आम्ही दोघी पुढचे पाहू लागलो.